तापाच्या दिवसांत बिडी: ओढणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पोळा झाला की आमच्या भागात घरोघरी खोकला सुरू होतो. पाऊस पुरता गेलेला नसतो, सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं असतं आणि शाळेतून लेकरं सर्दी घेऊन येतात. दुसरी लाट थंडीत येते. धान कापून झालेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते आणि संध्याकाळी शेकोटीभोवती माणसं गोळा होतात. दोन्ही वेळा एक गोष्ट नजरेत भरते. एकाच घरात, एकाच विषाणूने सून तीन दिवस शिंकते आणि चौथ्या दिवशी वावरात जाते. सासरे मात्र पंधरा दिवस बाजेवर, रात्रभर खोकतात, छातीत घरघर. लोक म्हणतात, "वय झालं आता." वयाचा भाग आहेच, पण बराचसा भाग बिडीचा आहे.

बिडीने कॅन्सर होतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण कॅन्सर वीस वर्षांनी होईल म्हणून माणूस तो विचार बाजूला सारतो. या मोसमातला साधा ताप तुम्हाला किती दिवस पाडणार, हेही बिडी ठरवते. हे कोणी फारसं सांगत नाही, म्हणून हा लेख. आणि बिडी सोडायची असेल तर तापाचे हेच दिवस सगळ्यात सोयीचे असतात. ते कसे वापरायचे, हे पुढे क्रमाने लिहिलं आहे.

आधी समजून घ्या: धूर आत जाऊन करतो काय

आपल्या श्वासनळीच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक तंतू असतात. वाऱ्यावर धान लवावं तसे ते सगळे एकाच दिशेने हलतात आणि धूळ, जंतू, कफ वर घशाकडे ढकलत राहतात. बिडीच्या धुराने हे तंतू आधी मंदावतात, मग आखूड होतात, काही ठिकाणी नाहीसेच होतात. त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे घाण वाढली आणि ती बाहेर काढणारे कमी झाले. अशा नळीत सर्दीचा किंवा फ्लूचा विषाणू पोचला की त्याला पेशींना चिकटायला पुरेसा वेळ मिळतो. विषाणू शिरल्यावर पेशी शेजारच्या पेशींना धोक्याचा इशारा देतात, तो इशाराही धुरामुळे कमजोर होतो.

"सकाळची बिडी ओढली की कफ मोकळा होतो," असं कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात. खरी गोष्ट अशी की रात्रभर बिडी बंद असते, त्यामुळे ते तंतू थोडे जागे होतात आणि साचलेला कफ वर सरकतो. काम रात्रीच्या विश्रांतीने केलेलं असतं, श्रेय बिडीला मिळतं.

तरण्याताठ्या माणसांनाही यातून सूट नाही. इस्रायलच्या एका लष्करी तुकडीत फ्लूची साथ आली, तेव्हा ३३६ निरोगी तरुणांची पाहणी झाली. ती १९८२ साली छापून आली. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ६८.५ टक्के जणांना फ्लू झाला, न करणाऱ्यांपैकी ४७.२ टक्के जणांना. अंथरूण धरावं लागलं किंवा कामाचे दिवस बुडाले, असे धूम्रपान करणाऱ्यांत ५०.६ टक्के होते आणि न करणाऱ्यांत ३०.१ टक्के. हे सगळे धडधाकट सैनिक होते. साध्या सर्दीचंही तसंच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या प्रयोगात स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले होते. तिथेही धूम्रपान करणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण जास्त निघालं.

कोरोनाच्या सुरुवातीला एक अफवा जोरात होती की बिडी-सिगरेटवाल्यांना कोरोना होत नाही. काही दवाखान्यांच्या सुरुवातीच्या आकड्यांतून ती निघाली होती. पुढे मोठ्या अभ्यासांत उलटंच दिसलं: धूम्रपान करणारा कोरोनाने आजारी पडला तर त्याचा आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त. ती अफवा आजही पानठेल्यावर ऐकू येते, म्हणून इथे लिहिलं.

सिगरेटपेक्षा बिडी हलकी, "पानाची आहे, नैसर्गिक आहे" हाही आपल्याकडचा पक्का समज. तेंदूचं पान नीट पेट धरत नाही. विझू नये म्हणून दर काही सेकंदांनी झुरका मारावा लागतो आणि तोही जोर लावून. फिल्टर नसतोच. त्यामुळे तंबाखू कमी असूनही एका बिडीतून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्त आत जाऊ शकतं. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलात एप्रिल-मे महिन्यांत पहाटे उठून तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या घामाबद्दल इथे एकही वाकडा शब्द नाही. त्या पैशावर घरं चालतात. पण तो पत्ता तोडणाऱ्याच्याच फुप्फुसात धूर होऊन परत यावा, हे मला पाहवत नाही.

साथ येण्याआधी करायची कामं

पहिलं काम अगदी साधं आहे: उष्टी बिडी बंद. "एक झुरका दे ना गा" म्हटल्यावर नाही म्हणणं आपल्या रीतीत बसत नाही, हे ठाऊक आहे. पण एक बिडी चार ओठांतून फिरते तेव्हा चौघांची लाळ एकमेकांकडे जाते. शिंकून हात नाकाला लावायचा, त्याच हाताने बिडी धरायची, तीच पुढे द्यायची, विषाणूला याहून सरळ रस्ता नाही. चिलीम तशीच. ज्याला आजच्या आज बिडी सोडणं जमत नाही, त्याला एवढं तरी आज जमतं.

दुसरं, घरात थर्मामीटर, पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं ठेवा. दमा असेल तर पंप संपत आलेला नाही ना, ते पाहून घ्या. दमा, जुनाट खोकला, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या आणि साठी ओलांडलेल्या बिडीबाजाने फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. ती दरवर्षी घ्यावी लागते आणि साथ सुरू होण्याआधी घेतलेली बरी.

तिसरं, आशाताईंचा नंबर मोबाइलमध्ये असू द्या. रात्री लेकराला धाप लागल्यावर नंबर शोधत बसायची वेळ येऊ नये.

ताप आला त्या दिवशी

आधी एक इशारा. गडचिरोली, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात ताप आला की तो "सर्दीचा असेल" म्हणून घरी बसू नका. मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. आशाताईंकडे, उपकेंद्रात ती फुकट होते आणि निकाल लगेच कळतो. पावसाळ्यात अंग फार ठणकत असेल, डोळ्यांच्या मागे दुखत असेल तर डेंग्यूचाही विचार व्हायला हवा.

तपासणी झाली, साधा विषाणूचा ताप ठरला, तर भरपूर पाणी, पातळ वरण, आंबील आणि आराम. मोठ्या माणसाला तापासाठी पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, लागली तर दुसरी सहा तासांनी. रोज दारू घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये, यकृतावर ताण येतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. गावात येऊन सुई आणि सलाइन लावणाऱ्याकडे पैसे घालू नका.

आता मुख्य गोष्ट. ताप चढल्यावर बिडी कडू लागते, पहिल्याच झुरक्याला ठसका लागतो. बहुतेक जण त्या दिवशी आपोआप दोन-तीन बिड्यांवर येतात किंवा ओढतच नाहीत. घरचे म्हणतात, "बिडी मागत नाही म्हणजे दुखणं मोठं दिसते." आणि बरं वाटायला लागलं की बिडीची तलब परत आली याचाच घरात आनंद होतो. हे उलटं झालं पाहिजे. जी सवय एरवी महिनाभर झगडून कमी होत नाही, ती तापाने एका दिवसात खाली आणलेली असते. पानठेल्यावर जाणं बंद, शेकोटीवर बसणं बंद, तोंडाला चव नाही. सोडायला याहून बरा मुहूर्त कोणता?

म्हणून ताप आला त्याच दिवशी घरातलं बिडीचं बंडल आणि आगपेटी बाजेजवळून उचला. लपवू नका, लपवलेलं सापडतं. आजारी माणसाच्या हातानेच ते चुलीबाहेरच्या राखेत पाणी टाकून बुडवून घ्या. त्याने स्वतः केलेलं असलं की चौथ्या दिवशी तो कोणावर चिडणार नाही. हळूहळू कमी करत जाण्यापेक्षा एक दिवस ठरवून एकदम सोडणाऱ्यांना यश जास्त येतं, असं तुलना करून पाहिलेलं आहे. इथे तर दिवस तापानेच ठरवून दिला आहे.

दुसरा ते पाचवा दिवस

हे दिवस अवघड असतात, कारण दोन गोष्टी एकात मिसळतात. विषाणूने अंग मोडून आलेलं असतं आणि निकोटिन बंद झाल्याने चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं, कशातच लक्ष न लागणं सुरू होतं. माणसाला वाटतं बिडी सोडल्यानेच दुखणं वाढलं. निकोटिनचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग उतरत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक संपतो. घरच्यांनी हे आधीच सांगून ठेवावं. रागावून बोलला तर त्या चार दिवसांत उत्तर देऊ नये.

तलबेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. तेवढा वेळ काढायचा. घोटघोट पाणी प्या, तोंडात लवंग किंवा बडीशेप धरा, उठून अंगणात फेरी मारा. हाताला चाळा हवा असेल तर तुरीच्या शेंगा सोलायला घ्या. "बिडीबिगर परसाकडं होत नाही" ही तक्रार तर ठरलेली. ती खोटी नाही, निकोटिन आतड्यांना ढोसतं आणि ते बंद झाल्यावर काही दिवस पोट अडतं. सकाळी उठल्या उठल्या दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकर, आणि त्याच ठरलेल्या वेळी जाऊन बसणं, यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पोट सुधारतं.

ज्याची पहिली बिडी डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत पेटते, त्याला नुसत्या मनाच्या जोरावर फार कठीण जातं. त्याने निकोटिनचा गम वापरावा. २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. एवढी घट्ट सवय असणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा लागू शकतो, तो डॉक्टरांना विचारून घ्यावा. गरोदर बाई आणि नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेला माणूस यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

गम चघळायची पद्धत शिकावी लागते, आणि आपल्या भागात ती हमखास चुकते, कारण माणूस तो खर्ऱ्यासारखा (सुपारी-तंबाखूचं चघळायचं मिश्रण) चावतो. कचाकचा चावला की सगळं निकोटिन एकदम लाळेत उतरतं, ते गिळलं जातं, मग उचक्या लागतात, मळमळतं आणि "हे आपल्याले सोसत नाही" म्हणून गम फेकला जातो. तसं करू नका. हळूहळू आठ-दहा वेळा चावा. तोंडात तिखट चुणचुण जाणवली की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चुणचुण गेली की पुन्हा थोडा चावा, जागा बदलून पुन्हा ठेवा. असा एक गम अर्धा तास चालतो. निकोटिन गालातून आत जातं, पोटातून नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, लिंबूपाणी, संत्रं नको. आंबट तोंडात निकोटिन गालातून शिरत नाही. नागपुरी संत्र्यांच्या मोसमात हे विशेष लक्षात ठेवा, तापाच्या माणसाला संत्रं सगळेच आणून देतात. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, मग कमी करत दोन-तीन महिन्यांत बंद.

बिडी सुटली आणि तिच्या जागी खर्रा आला, हे आमच्याकडे फार पाहायला मिळतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यांतले बहुतेक चघळणारे. खर्ऱ्यात धूर नाही, पण निकोटिन तेच. गुलामी सुटत नाही, तोंडाचा कॅन्सर जवळ येतो आणि साथीच्या दिवसांत जागोजागी पिचकाऱ्या पडतात ते वेगळंच.

घरात लेकरू असेल तर

या बाबतीत मी कोणालाही सवलत देणार नाही. लहान मुलाच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद असतात. घरात धूर असेल तर त्यांना छातीचा संसर्ग, न्यूमोनिया, कान फुटणं जास्त होतं. खिडकीत उभं राहून ओढणं, पंखा लावून ओढणं, लेकरू झोपल्यावर ओढणं, यांतलं काहीही पुरेसं नाही. ओढायचीच तर अंगणापलीकडे, आणि परत आल्यावर हात-तोंड धुऊन, वरचं कापड बदलून मग नातवाला घ्या. चुलीचा धूरही यातच मोजा. गॅस असेल तर निदान तान्ह्याच्या घरात तो वापरा. चूलच असेल तर लाकूड वाळलेलं हवं, धुराला वाट हवी आणि लेकरू मांडीवर घेऊन चुलीपुढे बसायचं नाही.

सर्दी झालेल्या बाळाचे श्वास मोजायला घरातल्या कोणालाही येतं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगडं वर करा, पोटाची हालचाल पाहा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर ते न्यूमोनियाचं लक्षण समजा. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, तर त्याच तासाला निघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी तर मण्यांचं साधं श्वासमोजणी यंत्र बनवलं होतं. आपल्याच मातीत सिद्ध झालेली ही गोष्ट आहे.

मोठ्या माणसाला दवाखान्यात कधी न्यायचं

बिडी ओढणाऱ्याच्या बाबतीत मुख्य अडचण ही की खोकला त्याला रोजचाच असतो. "बिडीचा खोकला हाय, राहतेच," म्हणून आठ दिवस जातात. म्हणून रोजच्या खोकल्यापेक्षा काय बदललं ते पाहा. कफाचा रंग किंवा प्रमाण बदललं का? एरवी विहिरीपर्यंत चालणारा माणूस आता ओसरीतच थांबतो का? सपाट झोपता येत नाही, उशी वाढवावी लागते का? यांतलं काहीही झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, किंवा उतरून दोन दिवस बरं वाटल्यावर पुन्हा चढला, तरीही जा. उतरलेला ताप परत चढणं म्हणजे विषाणूच्या मागोमाग छातीत जिवाणूंचा न्यूमोनिया झाल्याची शंका असते. फ्लूवरचं ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून दमेकऱ्याने वाट पाहत बसू नये.

बसल्या जागी मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, ओठ निळसर, बोलताना वाक्य तुटणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, किंवा माणूस भलतंच बोलायला लागणं, असं दिसलं तर थेट १०८ ला फोन.

कोरोनापासून गावात बऱ्याच जणांकडे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. बिडी ओढणाऱ्याच्या बोटावर तो फसवू शकतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटतो आणि हे छोटं यंत्र त्यालाही ऑक्सिजन समजतं. नुकतीच बिडी ओढलेल्या माणसाचा आकडा ९६ दिसेल, पण खरा ऑक्सिजन त्याहून कमी असू शकतो. ९४ च्या खाली आकडा गेला तर दवाखाना आहेच, पण आकडा चांगला दिसतो म्हणून धाप लागलेल्या माणसाला घरी ठेवू नका. बिडी बंद केल्यावर साधारण एका दिवसात हा वायू रक्तातून निघून जातो, मग यंत्रावर जास्त विसंबता येतं.

ताप गेल्यानंतरचे आठवडे

बिडी सुटल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि कफ वाढू शकतो. झोपी गेलेले तंतू पुन्हा कामाला लागतात आणि साचलेलं बाहेर काढतात. नेमक्या याच वेळी लोक बिडीकडे वळतात, कारण बिडी ओढली की खोकला दबतो. तो दबतो म्हणजे तंतू पुन्हा लुळे पडतात, एवढंच. तरीही खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, वजन घटत असलं, संध्याकाळी बारीक ताप येत असला, तर बेडक्याची तपासणी करा. बिडी ओढणाऱ्याला क्षयरोगाचा धोका सुमारे दुप्पट असतो. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या चालू असतील तर एक गोष्ट डॉक्टरांना सांगायची राहू देऊ नका: "मी बिडी सोडली." धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ओढणाऱ्याला मात्रा जास्त लागते. बिडी बंद झाली की तीच मात्रा अंगावर येते, मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणं सुरू होतं. मात्रा कमी करावी लागते, ती स्वतः करू नका.

मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्रात जाता येतं. गडचिरोली जिल्ह्यात 'मुक्तिपथ' अभियान दारू आणि तंबाखू दोन्हींवर गावोगावी काम करतं. फोन केल्यावर दिवसाला किती बिड्या, पहिली किती वाजता, आणि याआधी सोडली होती तेव्हा कशाने परत सुरू झाली, या तीन गोष्टी सांगा.

परत सुरू होण्याच्या जागा आपल्याला माहीत असतात: लग्नाचा मांडव, तेरवी, बाजाराचा दिवस, रात्रीचं पाणी देणं. रात्री ओलिताला जाताना खिशात बिडीऐवजी फुटाणे न्या, आणि शक्य असेल तर न ओढणाऱ्या सोबत्याबरोबर पाळी लावा. मांडवात एखादी ओढली गेलीच तर उरलेलं बंडल घरी आणू नका, देणाऱ्याला तिथेच परत करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बिडी टाळा. ती टळली तर दिवस निघून जातो.